हत्ती फुकट मिळतोय? आधी आपला राजा कुठे आहे ते बघा

बडोद्यात दांडिया बाजारातल्या आमच्या ओटीवर रविवारी संध्याकाळी बुद्धिबळाचे तीन-चार पट मांडले जातात. शाळकरी पोरं येतात, नोकरीवाले येतात, सत्तरी उलटलेले काका येतात. माणसं बदलतात, पण हरायची कारणं वर्षानुवर्षं तीच असतात. त्यातल्या बहुतेकांचं मूळ एकच: मोहऱ्यांचा हिशेब पाठ असतो आणि राजाचा कोणी करत नाही.

राजा मध्यावर ठेवून खात सुटणं

प्यादं १, घोडा आणि उंट ३, हत्ती ५, वजीर ९. हे पहिल्याच दिवशी शिकवलं जातं आणि मग पोरं अख्खा डाव वाण्याच्या वहीसारखा खेळतात. हे आकडे कामाला लागलेल्या मोहऱ्यांचे आहेत. कोपऱ्यात अडकलेल्या हत्तीचे ५ गुण तुमच्या राजाला वाचवायला येत नाहीत.

मागच्या पावसाळ्यातला एक डाव सांगतो. फोनवर खेळून बऱ्यापैकी तयार झालेला एक तरुण काळे मोहरे घेऊन काकांसमोर बसला. इटालियन नावाची नेहमीची सुरुवात झाली. पोराने उंट बी४वर (पांढऱ्याच्या बाजूने बघितलं तर डावीकडून ए ते एच उभ्या रांगा, खालून १ ते ८ आडव्या) नेऊन शह दिला, काकांनी घोडा सी३वर आडवा घातला. पोराने ई४चं प्यादं घोड्याने उचललं. काकांनी शांतपणे कॅसलिंग केलं, म्हणजे राजा दोन घरं कडेला सरकवून हत्ती त्याच्या दुसऱ्या बाजूला आणला. सी३वर घोड्यांची मारामारी झाली, पाठोपाठ काळ्या उंटाने तिथलं प्यादंही खाल्लं. पोरगा २ प्याद्यांनी वर. दहाव्या खेळीला काकांनी वजीर बी३वर आणला आणि ए१चा हत्ती उंटाच्या तोंडी तसाच ठेवला.

"काका, हत्ती जातोय तुमचा."

"दिसतंय मला. तू खेळ."

पोराने हत्ती घेतला. हिशेबाने ७ गुण पुढे, आणि राजा अजून ई८वरच. पुढच्याच खेळीला काकांच्या उंटाने एफ७चं प्यादं घेऊन शह दिला. त्याला वजिराचा जोर, म्हणून राजाला तो खाता येईना. राजा एफ८वर सरकला. काकांचा दुसरा उंट जी५वर आला, घोडा ई५वर बसला. इथेही पोराने काय करावं? हत्ती खाल्लेल्या उंटानेच डी४चं आणखी एक प्यादं खाल्लं. मग काकांचा उंट जी६वर गेला, वजीर एफ३वरून शह देत आला आणि विसाव्या खेळीला एफ७वर मात झाली. तेव्हा काळ्याचे दोन्ही हत्ती आणि वजीर आपापल्या मूळ घरात होते. एकाचीही एक खेळी झालेली नव्हती.

हा सापळा इटलीच्या जोआकिनो ग्रेकोने सतराव्या शतकात लिहून ठेवलाय. उपायही ठाऊक आहे. दहाव्या खेळीला हत्तीला हात लावायचा नाही, प्यादं डी५वर पुढे करायचं. पांढऱ्याने ते उंटाने घेतलं की कॅसलिंग. त्याने एफ७चं प्यादं घेऊन शह दिला की राजा एच८वर. मग उंटाला उंट जातो. जिंकलेली दोन्ही प्यादी परत गेली, डाव बरोबरीत आला, पण राजा घरात आहे. मिळवलेलं वेळेवर परत देता येणं हे मला हत्ती मारण्यापेक्षा मोठं कसब वाटतं, आणि तीन-तीन मिनिटांचे डाव खेळून ते येत नाही.

माझी सवय अशी: फुकट काही दिसलं की दोन्ही हात मांडीखाली घालायचे आणि समोरच्याला कुठून कुठून शह देता येतो ते सगळं मोजायचं. एकही शह पुढपर्यंत बघायचा राहिला असेल तर ती वस्तू माझ्यासाठी फुकट नाही.

काकांना त्यांच्या वडिलांनी देशी पद्धत शिकवली होती. तिच्यात कॅसलिंग नाही. राजाला एकदाच घोड्याची चाल मिळते, तीही शह बसायच्या आत. शह बसला की तो हक्क गेला. अशा खेळात वाढलेला माणूस राजाची सोय आधी लावतो.

आणि कोणाला हे फक्त नवख्यांचं दुखणं वाटत असेल तर त्याने १८५८मध्ये पॅरिसच्या ऑपेरात अमेरिकेच्या पॉल मॉर्फीने खेळलेला डाव पटावर मांडून बघावा. सतराव्या खेळीला मात झाली तेव्हा मॉर्फीकडे प्याद्यांखेरीज एक हत्ती आणि एक उंट उरला होता. समोर वजीर, हत्ती, उंट आणि घोडा शिल्लक होते. त्यांतला उंट आणि हत्ती डावभर जागचे हलले नव्हते.

उलटी चूक: नुसता शह देता येतो म्हणून बळी देणं

वरचे डाव बघून पोरं पेटतात आणि दिसेल तिथे काळ्या राजासमोरच्या एच७च्या प्याद्यावर उंट फेकतात. राजाने उंट खाल्ला, पुढे काय? घोडा जी५वर शह देत यायला हवा, वजिराला एच५वर यायची वाट मोकळी हवी, आणि काळ्याचा घोडा एफ६वर नको, कारण तो एच५ राखतो. यातलं एक जरी नसलं तरी बळी देण्याआधी पुढची प्रत्येक खेळी मोजून बघावी लागते. मी साधी मोजणी करतो: राजाभोवती माझे किती मोहरे पोचतात आणि त्याचे किती राखायला येतात. माझ्या बाजूला वजिरासकट तिघं नसतील तर मी बळी देत नाही. "हल्ला तर सुरू करू, मग बघू" म्हणणाऱ्याला मी त्या संध्याकाळी फक्त मोजक्या मोहऱ्यांचे शेवटाचे डाव खेळायला बसवतो.

बाकीच्या चुका, थोडक्यात

वजिराने बी२चं प्यादं उचलणं. १९७२मध्ये रेक्याविकला जगज्जेतेपदाच्या लढतीत अकराव्या डावात फिशरने ते उचललं आणि स्पास्कीने त्याचा वजीर कोंडून मारला. तुम्ही तरी थांबा.

कॅसलिंगनंतर उगाच जी आणि एच प्यादी पुढे ढकलणं. प्यादं मागे येत नाही.

डोळे मिटून कॅसलिंग. ज्या बाजूला त्याची प्यादी आधीच चाल करून आलीत तिकडेच राजा नेऊन ठेवणारे दर आठवड्याला भेटतात.

कॅसलिंग पुढे ढकलत राहणं. राजा शहात असताना ते होत नाही, वाटेतल्या घरावर शह असतानाही होत नाही. आठवण होईपर्यंत वाट बंद झालेली असते.

पुढे असताना वजिराला वजीर द्यायला कचरणं. तुमच्याकडे हत्ती जास्त आहे आणि राजा उघडा आहे, तर वजीर जाणं तुमच्याच फायद्याचं. मी तर अशा वेळी एखादं प्यादं देऊनही वजीर उतरवतो.

आणि वजीर उतरल्यावरही राजाला जी१वर दडवून ठेवणं. पटावर मोजके मोहरे उरले की मातेची भीती कमी होते, तेव्हा राजाने मध्यावर येऊन प्यादी राखायची असतात. ओटीवर एका मुलीने परवा एका प्याद्याने मागे असताना राजा पाच खेळ्यांत जी१वरून डी५वर आणला आणि हातचा गेलेला डाव बरोबरीत सोडवला. समोरच्याचा राजा तोवर जी८वरच होता.