वुडकटचा छाप बिघडतो कुठे? नागपूरकडच्या हवेत ठसे कोरणाऱ्यांनी या चुका टाळा

छाप पुसट आला, कडेला पांढरा राहिला, रेघा बुजल्या की नवशिका पहिल्यांदा शाईला शिव्या देतो. मीही दिल्या. कुही तालुक्यातल्या आमच्या घराच्या छपरीत बसून गेली चौदा वर्षं मी वुडकटचे लाकडी ठसे कोरतोय, म्हणजे फळीवर चित्र असं कोरायचं की उंच राहिलेल्या भागाला शाई लागून कागदावर छाप येतो. छापात दिसणारी चूक बहुतेक वेळा छापताना झालेलीच नसते, हे कळायला त्यातली पहिली तीन वर्षं गेली. ती आधी झालेली असते, लाकूड निवडताना किंवा ठेवताना. आणि आपल्याकडे उन्हाळ्यात हमखास.

कूलरचीच गोष्ट घ्या. तान्ह्या पोळ्याचं चित्र होतं, लाकडी नंदी ओढत निघालेली पोरं. दीड फूट बाय एक फुटाची फळी, तीन आठवड्यांचं कोरकाम. मे महिना असल्यामुळे दुपारी कूलर लावला आणि ठसा त्याच्यासमोरच भिंतीला टेकवून ठेवला. दुसऱ्या दिवशी छाप घेतला तर मधली पोरं काळीकुट्ट आणि दोन्ही कडांची पोरं गायब. मी शाई वाढवली. मधल्या पोरांचे डोळे बुजले, कडेची काही उगवली नाहीत. शेवटी फळीवर स्टीलची पट्टी आडवी ठेवून पाहिली. मध्ये ती टेकत होती आणि कडांना खाली पेन्सिल सरकेल एवढी फट होती.

कारण साधं आहे. कूलरच्या ओल्या हवेनं समोरची बाजू फुगली आणि भिंतीकडची कोरडीच राहिली, म्हणून फळी कोरलेल्या बाजूनं फुगीर झाली. उपाय उलटा करायचा. आत गेलेल्या पाठीवर ओलं फडकं फिरवायचं, ठसा सपाट फरशीवर ठेवायचा, वर फळी आणि तिच्यावर गव्हाचं पोतं. दोन दिवसांत माझा ठसा बराचसा सरळ झाला. पूर्ण नाहीच झाला. तेव्हापासून ठसे घरातल्या आतल्या खोलीत उभे ठेवतो, दोन्ही बाजूंना सारखी हवा लागेल असे. फळीच्या दोन्ही टोकांना मेण चोळतो. लाकडातली ओल टोकांकडून सगळ्यात वेगानं उडते, म्हणून ४५ अंशांच्या उन्हाळ्यात पहिला तडा तिथेच जातो.

सागवानाचा मोह

नागपूरच्या लकडगंजला फळी घ्यायला गेलं की ठरलेला संवाद होतो. "भाऊ, एवढीशी फळी घेऊन काय करून राहिले?" ठसा कोरायचा आहे, असं सांगितलं की, "मंग सागवानच घ्या ना!" गडचिरोली-चंद्रपूरच्या सागवानाचं नाव मोठं आहे आणि दारं-खिडक्यांसाठी ते रास्तही आहे. ठशासाठी मात्र बारीक काम असेल तर टाळा. सागवानाच्या प्रत्येक वर्षवलयात मोठ्या छिद्रांचा एक पट्टा असतो. बारीक रेघ त्या पट्ट्यावरून गेली की तिथेच भुगा होतो. सपाट काळ्या भागात तीच छिद्रं पांढऱ्या ठिपक्यांसारखी उमटतात आणि आपण म्हणतो, शाई नीट लागली नाही. शिवाय या लाकडात सिलिका असते, त्यामुळे पटाशीची धार पटापट जाते. छिद्रांचा पोत तुम्हाला चित्रात हवाच असेल, तर गोष्ट वेगळी.

मी शिवण नावाच्या झाडाची फळी वापरतो. हलकी, सहसा न वाकणारी आणि कोरायला गोड. बारीक काम असेल आणि मिळाला तर हळदू. त्याचा पोत एकसारखा असतो, पिवळसर, फणीसारख्या बारीक वस्तूंना चालणारा. फळी घेताना टोकाकडून बघा आणि गाठ असेल तर तो भाग कापून टाका. सरावासाठी संत्र्याच्या जुन्या पेटीची फळी चालते, मीही तिच्यावरच शिकलो. खिळे मात्र मोजून काढा. प्लायवूडचा वरचा पापुद्रा उचकटतो. एमडीएफला (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीला) लाकडाच्या तंतूंच्या रेषाच नसतात, त्यामुळे वुडकटची निम्मी मजा जाते.

"नागपूर" कोरताना काना का मोडतो

अक्षरं उलटी कोरायची हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरी प्रत्येकजण एकदा सुलटी कोरतोच. ट्रेसिंग पेपर पालथा घालून उतरवा आणि कोरण्याआधी आरशात वाचा. चित्रालाही हे लागू आहे. उजव्या हातानं पेरणारा माणूस छापात डावखुरा होतो.

मला जास्त सतावलं ते दुसऱ्याच गोष्टीनं. लाकडाच्या रेषेच्या दिशेनं कोरलेली रेघ बारीक असली तरी टिकते, आडवी गेलेली बारीक रेघ मोडते. देवनागरीत शिरोरेषा आडवी आणि काने उभे. फळी आडवी धरली की शिरोरेषा मजबूत होते, पण "नागपूर"मधला ना-चा काना, ग आणि प-चे दंड असे सगळे रेषेच्या विरुद्ध उभे राहतात. वर शिरोरेषेचा आधार असतो, खालचं टोक उघडं, ते दुसऱ्या-तिसऱ्या छापाला उडतं. म्हणून काने जाड ठेवा आणि रेघेच्या दोन्ही बाजूंना उतार द्या, शेताच्या धुऱ्यासारखा, वर अरुंद आणि खाली रुंद. नवशिका नेमकं उलटं करतो. पटाशी आत झुकवतो, रेघ खालून पोखरली जाते आणि दाब पडला की बसते.

मोडलेला तुकडा सापडला तर फेव्हिकॉल लावून लगेच बसवा. हरवला असेल तर पाचरीसारखा खड्डा कोरून त्याच लाकडाची चिप ठोका, रेषेची दिशा तीच ठेवून. दिशा चुकली तर डाग कायम दिसतो.

रेघ स्वच्छ कापली जाण्याऐवजी फाटत असेल तर लाकडाला दोष देऊ नका, निसणा (धार लावायचा दगड) घ्या. फळीच्या टोकावर, रेषेला आडवं कोरून बघा. चकाकती कड आली तर धार आहे, भुगा आला तर नाही. आणि दुसरा हात नेहमी पटाशीच्या मागे. माझ्या डाव्या अंगठ्यावरची खूण बघून माझी पोरं हे शिकली.

काळा आणि पांढरा यांच्यामधलं काही

सगळं चित्र एकाच गडद काळ्यात येतं, लांबचं झाड आणि जवळचा बैल सारखेच दिसतात, ही तक्रार नेहमीची. इंग्लंडच्या नॉर्थम्बरलँडमध्ये शेतावर जन्मलेल्या थॉमस ब्यूइकनं (१७५३–१८२८) यावर तोडगा काढला होता. लांबचं दृश्य जिथे यायचं, तिथला पृष्ठभाग कोरण्याआधीच तो किंचित खरवडून खाली न्यायचा. दाब कमी पडतो आणि तो भाग फिका उमटतो. तो बॉक्सवूड या कठीण लाकडाच्या आडव्या कापावर काम करायचा, आपण फळीच्या लांबीवर, तरी युक्ती लागू पडते. कागदाच्या जाडीहून जास्त खरवडू नका, नाहीतर छापच येणार नाही. जवळचं उदाहरण बघायचं तर हरेन दास (१९२१–१९९३) यांची बंगालच्या खेड्यांची चित्रं बघा. पाण्यावरचा आणि लांबच्या शेतावरचा उजेड त्यांनी नुसत्या रेघांच्या अंतरातून आणला आहे.

शाई आणि कागद

शाईबद्दल थोडकंच. रोलर फिरवताना बारीक चरचर ऐकू आली पाहिजे. चिकट पचपच आवाज आला तर शाई जास्त आहे, ती रेघांच्या मधे उतरणार. मऊ रोलरही तसाच खड्ड्यात शिरतो, कडक घ्या. उन्हाळ्यात तेलाची शाई पातळ होते, म्हणून पहाटे छापा, किंवा चिमूटभर मॅग्नेशियम कार्बोनेट मिसळून ती घट्ट करा. पाण्याची शाई मेमध्ये कागद ठेवेपर्यंतच सुकते. पावसाळ्यात उलटं, आठवडाभर छाप ओले राहतात आणि कागद ओल धरून वाढतो, त्यामुळे दुसरा रंग जागेवर बसत नाही. दोन रंगांचं काम मी दिवाळीनंतर करतो आणि ठशातच कागद टेकवायला एक कोपऱ्याची आणि एक सरळ खाच ठेवतो. जपानी कारागीर त्याला केंतो म्हणतात.

हातानं घासून छाप घ्यायचा तर पातळ नेपाळी कागद घ्या आणि स्टीलच्या चमच्याच्या पाठीनं मधून कडेकडे घासा. जाड हातकागद हलका ओला केल्याशिवाय शाई उचलत नाही. काम झाल्यावर ठसा नळाखाली धरू नका. आधी चिंधीनं पुसा, मग खाण्याचं तेल, मग कोरडी चिंधी.

विकताना

एका प्रदर्शनात एका बाईंनी विचारलं, "झेरॉक्स आहे का हे?" राग आला, पण चूक माझी होती. मी बॉलपेननं सही केली होती आणि आकडा घातलाच नव्हता. छापाखाली डावीकडे शिसपेन्सिलीनं ३/२० (विसांतला तिसरा) असं लिहायचं, उजवीकडे सही. वीस म्हटले की वीसच. एकविसावा काढायचा मोह होतो, विशेषतः पोळ्याच्या आधी मागणी आली की. म्हणून वीस झाले की ठशावर पटाशीनं आडवी रेघ मारायची. कूलरनं वाकवलेल्या त्या ठशावर मी ती मारली तेव्हा हात नंदीच्या पाठीवर येऊन अडखळला. रेघ तिथे थोडी वाकडी गेली आहे.