जपानला पहिल्यांदा कामासाठी चाललात? मग हे वाचून जा

चाकण, तळेगाव, सुप्याच्या कंपन्यांतून आता बरेच जण जपानला जातात, कुणी ट्रेनिंगला, कुणी ऑडिटला, कुणी ऑर्डर मागायला. आणि जायच्या आधी जो तो व्हिडिओ बघत बसतो की वाकायचं किती, मानेतून की कमरेतून. एवढं टेन्शन घेऊ नका हो, परदेशी माणूस वाकण्यात चुकला तर ते लोक हसून सोडून देतात. न सोडण्यासारख्या गोष्टी दोनच, वेळ आणि दिलेली तारीख.

आधी व्हिजिटिंग कार्डाचं उरकून टाकू. कार्डं भरपूर न्या, कारण एकाला भेटायला गेलं तरी समोर पाच-सहा जण येऊन बसतात. मागच्या बाजूला जपानीत छापून घेतलंत तर उत्तम, पुण्यात जपानी शिकलेली पोरं ढिगाने आहेत, कुणालाही विचारा. उभं राहून दोन्ही हातांनी द्यायचं, अक्षरं समोरच्याच्या बाजूला. त्यांचं कार्ड घेतलं की आधी वाचा, लगेच खिशात कोंबू नका, त्यावर पेनाने काही खरडू नका. मग टेबलावर ते ज्या क्रमाने बसलेत त्याच क्रमाने मांडून ठेवा, फायदा आपलाच, तानाका कोण नि नाकामुरा कोण ते मीटिंगभर समोर दिसतं. आडनावाला सान, म्हणजे आपल्या 'जी'सारखं, जोडायचं, स्वतःच्या नावाला मात्र नाही.

दहाची मीटिंग म्हणजे पाच-दहा मिनिटं आधी तिथे. पण अर्धा तास आधी जाऊन पण बसायचं नाही, त्यांची रूम रिकामी नसते, उगाच धावपळ होते, त्यापेक्षा जवळच्या सेव्हन इलेव्हनची कॉफी प्या. थंडीचा कोट बिल्डिंगच्या बाहेरच काढून हातावर घ्या. बऱ्याच ऑफिसांत रिसेप्शनला माणूसच नसतो, नुसता फोन आणि शेजारी एक्स्टेन्शनची यादी, बघून गोंधळू नका. उशीर होणार असं वाटलं तर, दोन मिनिटांचा असला तरी, आधी फोन करा.

रूममध्ये शिरलात की दिसेल ती खुर्ची ओढून बसू नका. दारापासून लांबची बाजू मानाची, म्हणजे पाहुण्यांची, दाराजवळ यजमान. ते दाखवतील तिथे बसा. टॅक्सीत पण हाच हिशोब, ड्रायव्हरच्या मागची सीट साहेबांची आणि ज्युनियर पुढे ड्रायव्हरशेजारी. टॅक्सीचं मागचं दार ड्रायव्हरच उघडतो आणि लावतो, बाहेरून ओढाओढी करू नका.

आता मीटिंग. समोरचे सगळे माना डोलवतात, ते फक्त ऐकतायत, हो म्हणत नाहीयेत. तुम्ही रेट सांगता आणि रूममध्ये शांतता पसरते, वीस सेकंद, तीस सेकंद, आणि आपला माणूस घाबरून आपणहून दोन टक्के कमी करून टाकतो. नका करू! विचार करतायत, करू द्या, तुम्ही पाणी प्या. तसाही निर्णय त्या रूममध्ये बहुतेक होतच नाही, आतल्या आत सगळ्यांशी बोलून, कागदावर एकेकाची मंजुरी घेत घेत तो वर जातो, त्यामुळे "आजच फायनल करून टाकूया सर" असा तगादा लावला की उलटंच होतं. आणि कुणी दातांतून हवा ओढत 'जरा कठीण आहे' म्हणालं तर नाही समजा आणि पुढच्या मुद्द्याकडे वळा.

तारखेबद्दल मात्र नीट ऐका, कारण आपली गाडी इथेच घसरते. आपल्याकडे "होऊन जाईल सर" हे बोलायची पद्धत आहे, ऐकणारा पण मनातल्या मनात चार दिवस वाढवून घेतो. तिकडे तुम्ही सॅम्पल 15 तारखेला म्हणालात की त्यांच्या पुढच्या चार जणांचं प्लॅनिंग त्या 15 वर लागतं. 18 लागणार असेल तर तिथल्या तिथे 20 सांगा, तोंड वाकडं करतील पण ऐकतील. आणि नंतर काही अडलं, मशीन बंद पडलं, प्लेटिंगवाल्याने दगा दिला, तर कळल्या दिवशीच कळवा, कारण काय, आता काय करताय, नवी तारीख कोणती. 14 ला रात्री मेल टाकून सुटता येत नाही.

जेवणात सगळ्यात हाल शाकाहारी माणसाचे. नुसतं 'व्हेज' सांगून भागत नाही, कारण मिसो सूप, सॉस, उकडलेली भाजी, सगळ्यात दाशी म्हणजे बहुतेक वेळा माशाचा स्टॉक असतो. दोन-तीन दिवस आधी मेलवर स्पष्ट लिहा, मांस नाही, मासे नाही, माशाचा स्टॉक पण नाही, अंडं चालतं की नाही ते पण. टेबलावर बसून सांगितलं तर यजमान बिचारा ओशाळतो. दारू नको असेल तर ऊलाँग चहा मागवा, पण सगळे कानपाई, म्हणजे आपलं चिअर्स, म्हणेपर्यंत ग्लास तोंडाला लावू नका. आपला ग्लास आपण भरायचा नाही, शेजाऱ्याचा भरा, तो तुमचा भरतो, आणि पुरे झालं की भरलेलाच राहू द्या. चॉपस्टिक भातात उभ्या खोचणं आणि चॉपस्टिकवरून चॉपस्टिकवर घास देणं या दोन्ही गोष्टी तिकडे मयताच्या विधीतल्या, तेवढं टाळा, बाकी काटाचमचा मागितला तर कुणी हसत नाही. टिप ठेवू नका, वेटर पैसे परत द्यायला मागे धावत येतो.

भेट छोटीच न्या, पण आतले नग सुटे सुटे पॅक केलेले असावेत, म्हणजे ते ऑफिसात वाटतात. चार किंवा नऊ नग नकोत, अशुभ मानतात. कागदी पिशवीतून काढून दोन्ही हातांनी द्या. हापूसची पेटी न्यायचा मोह आवरा, ताजी फळं क्वारंटाइन सर्टिफिकेटशिवाय आत नेता येत नाहीत. प्लांटमध्ये विचारल्याशिवाय फोटो नाही, आणि मोज्यांना भोक नाही ना ते निघतानाच बघा, बूट कुठे काढावे लागतील सांगता येत नाही.

मीटिंगच्या दिवशीच संध्याकाळी थँक्यूचा मेल आणि ठरलेल्या मुद्द्यांची यादी पाठवा. त्यांचं घड्याळ आपल्यापुढे साडेतीन तास, आपले दुपारचे चार म्हणजे तिकडे साडेसात वाजलेले. एप्रिलचा शेवट ते मेचा पहिला आठवडा, ऑगस्टच्या मध्यावर ओबोन, म्हणजे त्यांचा पितरांचा सण, आणि नववर्ष, या दिवसांत बहुतेक कंपन्या बंद असतात, उगाच रिमाइंडर मारत बसू नका.