शीत एलएनएचे नॉइज तापमान द्रव नायट्रोजनने कसे मोजावे

दूर अंतराळातील यानाचा क्षीण संदेश टिपणाऱ्या भूकेंद्रांत, उदाहरणार्थ कॅलिफोर्नियातील गोल्डस्टोन येथे, रिसीव्हरचा पहिला अ‍ॅम्प्लिफायर म्हणजे एलएनए (लो नॉइज अ‍ॅम्प्लिफायर), 20 केल्विनच्याही खाली थंड केलेला असतो. एक्स-बँडमध्ये, म्हणजे 8.4 गिगाहर्ट्झच्या आसपास, चांगला हेम्ट (कमी नॉइजचा एक ट्रान्झिस्टर) एलएनए स्वतःच्या नॉइजची जेमतेम 5 केल्विन भर घालतो; तेवढेच नॉइज देणाऱ्या वस्तूचे तापमान, तेच नॉइज तापमान. मात्र त्याच्या अलीकडे खोलीच्या तापमानाला असलेल्या वेव्हगाइडमध्ये (लहरी वाहून नेणाऱ्या धातूच्या नळीत) केवळ 0.1 डेसिबल घट झाली, तरी तिचेच सुमारे 7 केल्विन होतात. म्हणून एलएनएसोबत आलेल्या कागदावरील आकड्यावर न विसंबता मोजणी फीड हॉर्नच्या, म्हणजे लहरी आत घेणाऱ्या नरसाळ्याच्या, तोंडाशी करावी.

क्रायोस्टॅटमधील (एलएनए ज्यात थंड ठेवतात त्या निर्वात पेटीतील) दाब मिलिबारच्या हजाराव्या भागापर्यंत उतरल्याशिवाय थंड करणारा हेलियम कॉम्प्रेसर सुरू करू नये, कारण आत उरलेली वाफ थंड भागांवर गोठून बसते. थंड होण्यास काही तास लागतात आणि तापमापकाचा आकडा स्थिरावेपर्यंत थांबणे हाच या कामातील सर्वांत कंटाळवाणा टप्पा आहे. बायस, म्हणजे ट्रान्झिस्टरला लागणारे व्होल्टेज, देताना आधी गेट, मग ड्रेन (ट्रान्झिस्टरची दोन टोके). बंद करताना हाच क्रम उलटा. ड्रेनचा प्रवाह थंड अवस्थेसाठी दिलेलाच ठेवावा.

मोजणीसाठी हॉर्नसमोर ज्ञात तापमानाचे दोन नॉइज-स्रोत, म्हणजे भार, आळीपाळीने धरतात. उष्ण भार म्हणून मायक्रोवेव्ह अ‍ॅब्सॉर्बरचा तुकडा हॉर्नवर पूर्ण झाकेल असा धरावा आणि त्याचे तापमान, समजा 295 केल्विन, तापमापकाने मोजून लिहावे. शीत भारासाठी तसाच अ‍ॅब्सॉर्बर थर्मोकोलच्या खोक्यात ठेवून तो बुडेपर्यंत द्रव नायट्रोजन ओतावा आणि खोके वर बघणाऱ्या हॉर्नवर ठेवावे. थर्मोकोल या लहरींना जवळपास पारदर्शक असतो. दारे-खिडक्या उघड्या ठेवाव्यात, कारण नायट्रोजनच्या वाफेने बंद खोलीतील ऑक्सिजन कमी होतो. खोक्याच्या बुडाला काही मिनिटांत दव धरते, ते प्रत्येक नोंदीपूर्वी पुसावे. हे पाणी पुसायचे राहिले, तर शीत भार शीत राहत नाही.

मीटरवर उष्ण भाराला आलेली शक्ती भागिले शीत भाराला आलेली शक्ती हे गुणोत्तर वाय मानले, तर उष्ण तापमानातून वाय गुणिले शीत तापमान वजा करून उत्तराला वाय उणे एकने भागले की रिसीव्हरचे नॉइज तापमान मिळते. भार 295 आणि 77 केल्विनचे असतील व रिसीव्हर 10 केल्विनचा असेल, तर वाय 3.51, म्हणजे 5.45 डेसिबल येतो. वाचनात 0.1 डेसिबलची चूक झाली, तर उत्तर सुमारे 3 केल्विनने हलते. साध्या पॉवर मीटरवर एकदाच वाचून मोकळे होणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. समुद्रसपाटीला द्रव नायट्रोजन 77.4 केल्विनला उकळतो, पण गोल्डस्टोन किंवा बेंगळुरूइतक्या उंचीवर तो सुमारे 1 केल्विन आधीच उकळतो. ही दुरुस्ती विसरल्यास एलएनए आहे त्यापेक्षा 1.4 केल्विनने चांगला भासतो, आणि आनंद देणाऱ्या चुका सहसा कोणी तपासत नाही.

शेवटी एलएनएच्या पुढे, पुढच्या अ‍ॅम्प्लिफायरच्या आधी, 3 डेसिबलचा, म्हणजे शक्ती निम्मी करणारा, अ‍ॅटेन्युएटर लावून वाय पुन्हा मोजावा. तो लक्षणीय वाढला, तर उष्ण भारावर नंतरचा अ‍ॅम्प्लिफायर किंवा मीटर दबत होता, म्हणजे जास्त शक्तीला पूर्ण प्रमाणात प्रतिसाद देत नव्हता, असे समजून आधीच्या सर्व नोंदी रद्द कराव्यात.