बंदराचं गुन्हेगारी शहर बनवताय? या चुका टाळा

आम्ही जळगावात दर रविवारी पाचसहा जण फँटसी आरपीजी खेळायला बसतो, म्हणजे प्रत्येकाने एक पात्र घेऊन कल्पनेतल्या जगात गोष्ट खेळायची. ते जग रचणारा आणि खेळ चालवणारा, म्हणजे डीएम, मी असतो. दोन वर्षांपूर्वी मी वाघबंदर नावाचं चोर-स्मगलरांचं शहर तयार केलं, मॅपवर अकरा मोहल्ले, प्रत्येकाला वेगळा रंग, आणि तिसऱ्याच सेशनला भुसावळचा मित्र म्हणाला, "भो, सगळे चोर आहेत ते ठीक, पण हे चोरतात काय?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते शहर मी नंतर दोनदा मोडून परत बांधलं, त्यातून जे कळलं ते लिहितोय, कारण नवीन डीएम लोकांच्या मॅपवर मला त्याच चुका परत परत दिसतात.

गुन्हा आहे, पण माल नाही

ही सगळ्यात मोठी चूक. बंदरातली गुन्हेगारी मालामागे चालते, आणि माल चोरून आणावा लागतो तो कुठल्यातरी कायद्यामुळे. आपल्या सराफ बाजारातल्या जुन्या माणसांना विचारा. १९६८ च्या सुवर्ण नियंत्रण कायद्यात साध्या माणसाला सोन्याची बिस्किटं बाळगायला बंदी होती, पण लग्नात सोनं तर लागायचंच, मग ते समुद्रातून चोरून यायचं. १९९० ला कायदा गेला, पुढच्या काही वर्षांत आयात मोकळी झाली आणि त्या धंद्यातला जुना नफाच संपला. म्हणून तुमच्या शहरात आधी ठरवा की बंदी कशावर आहे, जकात कशावर जबर आहे. माझ्याकडे आता मीठ आहे, जादूच्या शाईसाठी लागणारं काळं मीठ, त्यावर राजाचा मक्ता आहे. एवढं एक ठरवलं आणि निम्मं शहर आपोआप सुटलं.

मोहल्ले पाटी लावून वाटणं

एक चोरांचा, एक श्रीमंतांचा, एक जादूगारांचा. असं कुठलं शहर नसतं, मोहल्ले कामावरून पडतात. शहर सपाट वाटत असेल तर एक पोतं घ्या आणि त्याच्या मागे चालत जा. जहाजातून धक्क्यावर, तिथून जकात नाक्यावर, मग वखारीत, काट्यावर, दलालाकडे, दुकानात. त्याला कोणाकोणाचा हात लागला ते लिहून काढा, ती माणसं जिथे राहतात ते तुमचे मोहल्ले. आणि वारा बघा, सुकी मासळी आणि कातडी कमावणारे वाऱ्याच्या खालच्या बाजूला असणार आणि तिथलं भाडं स्वस्त असणार, मग लपायचं असेल तो माणूस तिथेच खोली घेणार ना.

समुद्र आपल्याकडे नाही पण मार्केट यार्ड आहे, आणि खरं सांगतो, बंदर समजायला यार्डासारखी शाळा नाही. सकाळी लिलावाच्या वेळी जाऊन उभे राहा. पोत्यात टोकदार पोकळ नळी खुपसून नमुना काढतात, नळीतून चार दाणे खाली सांडतात, भोकातून अजून थोडे गळतात, काट्यावर कडता, म्हणजे वजनातली ठरलेली घट, कापला जातो, आणि सगळं उरकल्यावर एखादी म्हातारी खराटा घेऊन ते मातेरं गोळा करते. त्यातल्या प्रत्येक ठिकाणी किती माल निसटतो आणि तो कोणाचा समजला जातो हे जिथे ठरलेलं असतं तिथेच गुन्ह्याची जागा असते, कारण ठरल्यापेक्षा एक मूठ जास्त घेतली की ती चोरी.

सगळ्या शहराचा एकच डॉन

काळ्या कोटातला एक माणूस आणि सगळं त्याच्या हातात. असं केलं की प्लेयर थेट त्यालाच शोधत निघतात आणि बाकी शहर वाया जातं. आपल्या भाषेतला टोळी हा शब्दच बघा, दरोडेखोरांची पण टोळी आणि हमालांची पण टोळीच, तिला मुकादम असतो, कोणत्या गाळ्यासमोर कोणाची टोळी माल उतरवणार हे ठरलेलं असतं आणि दुसऱ्याने तिथे हात लावला की भांडण. महाराष्ट्रात १९६९ ला माथाडी कायदा आला, हमालांची नोंदणी झाली, मजुरी मंडळामार्फत मिळायला लागली. तुमच्या शहरात असा कायदा नसेल तर हमालाला काम आणि संरक्षण कोण देणार, मुकादमच. दहा मुकादम उभे करा, प्रत्येकाचा एक धक्का, आणि त्यातला कोणी मनाने वाईट नसला तरी चालतो.

भरती-ओहोटी विसरणं

ही चूक आपण खान्देशी लोक हमखास करतो, कारण आपण पाणी बघतो ते नदीचं नाहीतर धरणाचं. मला हे कोकणातल्या एका मित्राच्या वडिलांनी शिकवलं. तिथीची पाऊणपट करायची की साधारण भरतीची वेळ मिळते, म्हणजे अष्टमीला सहा वाजता आणि अमावस्येला पंधरा धरले तर सव्वाअकरा, दिवसा पण आणि रात्री पण. अमावस्येला उधाण असतं, पाणी सगळ्यात वर येतं, अष्टमीला भांगाची भरती, ती कमी. आता जरा विचार करा, अमावस्येची काळोखी रात्र, सव्वाअकराला पाणी खाडीत खोल आत शिरलेलं, होडी थेट वखारीच्या मागच्या दारापर्यंत जाते, पण पाणी उतरायच्या आत निघाली नाही तर चिखलात बसते आणि उजाडल्यावर सगळ्यांना दिसते. प्लेयरला दोन तास मिळतात. मी हे पहिल्यांदा वापरलं त्या रात्री कोणी मोबाईलला हात लावला नाही. (जगात दोन चंद्र ठेवले असतील तर हा हिशोब चालणार नाही, मग एक चंद्र काढा, मी काढला.)

पावसाळा पण धरा. शिडाची जहाजं चार महिने बंद, खलाशी गावात बसून, उधारी चढलेली, आणि नारळी पौर्णिमेला समुद्र उघडायच्या आत सावकार दारात. चोरीला माणसं याच दिवसांत मिळतात.

जहाज थेट धक्क्याला लावणं

आपल्याच तापीचं उदाहरण घ्या. एके काळी सुरत एवढं मोठं बंदर, पण तापीच्या मुखाशी गाळ आणि वाळूचे दांडे, त्यामुळे मोठी जहाजं नदीत न येता बाहेर समुद्रकाठच्या सुवाळीला नांगर टाकायची आणि माल लहान होड्यांनी किंवा बैलगाड्यांनी सुरतेत यायचा, तिथून पुढे नंदुरबारवरून बऱ्हाणपूरकडे काफिले निघायचे. जहाज आणि धक्का यांच्यातलं हे जे अंतर आहे ना, तिथे माल कोणाच्याच डोळ्यासमोर नसतो. वाघबंदरात मी धक्का अर्धा कोस मागे सरकवला आणि मधे होडीवाल्यांची वस्ती टाकली, ती आता शहरातली सगळ्यात गाजलेली जागा आहे.

बाकी छोट्या गोष्टी. शिपाई सगळेच्या सगळे विकलेले ठेवू नका, एक तरी न घेणारा ठेवा, त्याशिवाय लाच द्यायला भीती वाटत नाही. जादूने माल कुठेही पोचत असेल तर स्मगलर कशाला हवेत, म्हणून ती जादू महाग करा. आणि नावं. ब्लॅकवॉटर, शॅडो डॉक असली नावं आपल्या तोंडात बसत नाहीत. मुंबईचा भाऊचा धक्का बघा, आपल्या जळगावातला नेरी नाका बघा, माणसावरून नाहीतर गावावरून पडलेली नावं आहेत. माझ्याकडे मोडक्या काट्याची गल्ली आहे, काटा जाऊन शंभर वर्षं झाली तरी लोक तेच म्हणतात.

आणि हो, ती मातेरं गोळा करणारी म्हातारी मी तशीच उचलून वाघबंदरात ठेवली. तिला नाव दिलं नाही, सगळे आजीच म्हणतात. कुठल्या वखारीसमोर आज जास्त मीठ सांडलं एवढंच ती सांगते, आणि गेल्या रविवारी भुसावळचा मित्र शहरात शिरल्या शिरल्या पहिला तिच्याकडे गेला, तिच्यासाठी विड्याची पानं घेऊन.