देव न मानता म्हातारं होऊन राहिलात? मग हे आधी करून ठेवा

आपल्याकडं माणूस गेला की गावाला काय करायचं ते पाठ असते. कोणी ताटी बांधायला लागते, कोणी लाकडाचं पाहते, कोणी सोयऱ्यांना फोन लावते, मग राख सावडणं, दहावा, तेरवी, सगळं ठरलेलं. घरच्यांना डोकं चालवायचं कामच नाही, अन् त्या वेळी डोकं चालतही नाही. म्हणून ज्याला वाटते की देव नाही, आत्मा-बित्मा काही नाही, मेलो की संपलो, त्यानं एक समजून घ्यावं. धर्म गावात मरणाचं उत्तर कमी देते अन् मरणाची कामं जास्त उरकते. उत्तर तुम्ही नाकारलं, ठीक आहे, पण कामं तर राहतातच ना बाप्पा. ती आधी करून ठेवली नाही तर बायको-पोरांच्या अंगावर पडतात अन् मग भाऊबंद येऊन म्हणतील तसंच होते.

सुरुवात घरातून. बरेच नास्तिक पानठेल्यावर लय बोलतात अन् घरी तोंडातून शब्द काढत नाहीत. कोणाच्या मयतीवरून आलात, अंघोळ झाली, चहा घेऊन बसलात की त्या दिवशी विषय काढा, तेव्हा तो आपोआपच निघते. बायको म्हणणारच की शुभ बोलत जा, पोरगं पुण्याहून फोनवर म्हणेन बाबा आता कशाला हे, तरी बोलायचं. अन् फक्त बायको-पोरांना सांगून भागत नाही, घरातल्या मोठ्या भावाला किंवा काकाला पण सांगून ठेवा, कारण त्या दिवशी ओसरीवर आवाज त्याचाच चालते.

देहदान करायचं असेल तर जवळच्या मेडिकल कॉलेजच्या शरीररचनाशास्त्र विभागात फॉर्म मिळते. वर्धा जिल्ह्यात सेवाग्राम अन् सावंगी मेघे, बाकी नागपूर, यवतमाळ, अकोला, चंद्रपूर, गोंदिया इथं पण कॉलेजं आहेत. पण फॉर्म भरून पाकिटात कार्ड ठेवलं म्हणजे झालं असं नाही. तुम्ही गेल्यावर जवळचे नातेवाईक नाही म्हणाले तर कॉलेज देह नेत नाही, म्हणजे खरी सही घरच्यांच्या मनाची लागते. डॉक्टरचा मृत्यूचा दाखला लागते, तो घरी मरण आलं तर कोण देईन हे आत्ताच पीएचसीच्या (सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्राच्या) किंवा नेहमीच्या डॉक्टरला विचारून ठेवा, रात्री दोन वाजता ते शोधत बसणं लय वाईट. गाडी कॉलेज पाठवते की आपली आपण करायची हेही फॉर्म भरतानाच विचारा. मे महिन्यात आपल्याकडं पारा ४५ च्या वर जाते, त्यामुळं सोयरे येईपर्यंत थांबू वगैरे चालत नाही, कॉलेजला फोन आधी अन् सोयऱ्यांना नंतर.

अन् दुसरा बेत लिहूनच ठेवायचा. साप चावून गेलात, वीज पडली, मोटरपंपाचा करंट लागला, रोडवर अपघात झाला, तर पोलीस केस होते, पोस्टमॉर्टेम होते, अन् असा देह कॉलेज सहसा घेत नाही. काही संसर्गाचे आजार असले तरी घेत नाहीत. शेतात राबणाऱ्या माणसाला हे सगळं होऊ शकते, म्हणून देहदान नाही जमलं तर जाळायचं की पुरायचं, कुठं, कोणी अग्नी द्यायचा (पोरगी देऊ शकते, तिला आधी विचारा) हे एका ओळीत लिहा.

डोळ्यांचं सोपं आहे. घरी मरण आलं तरी नेत्रदान होते, किडनी-लिव्हरसारखं आयसीयूमध्ये ब्रेन डेड (मेंदू कायमचा बंद) व्हावं लागत नाही. चष्मा असो, शुगर असो, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं असो, चालते. पण सहा तासांच्या आत काढावे लागतात, तोपर्यंत पापण्या मिटवून त्यावर ओला कापूस ठेवायचा, पंखा बंद करायचा, डोक्याखाली उशी द्यायची. जवळच्या आय बँकेचा (नेत्रपेढीचा) नंबर भिंतीवर गॅस एजन्सीच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा, मोबाईलमध्ये नको, तुमच्या मोबाईलचा लॉक उघडणारा माणूसच गेलेला असेल.

आता तेरवी. इथं सगळ्यात जास्त अडते. तुम्ही लिहून ठेवलं की तेरवी नको अन् बाकी काहीच लिहिलं नाही तर घरचे गोंधळून जातात, तेरा दिवस येणाऱ्या माणसांचं करायचं काय, बसायचं कुठं, बोलायचं काय. म्हणून नुसतं नको लिहू नका, त्याच्या जागी काय ते लिहा. चौथ्या-पाचव्या दिवशी शोकसभा ठेवा, दोन-चार जण बोलतील, चहा द्या, लांबून आलेल्यांना साधं वरण-भात-भाजी. राख नदीत टाकायच्या ऐवजी आपल्याच धुऱ्यावर खड्डा करून त्यात झाड लावता येते. हे काही नवीन नाही, जोतिबा फुल्यांचा सत्यशोधक समाज १८७३ चा आहे, भटाशिवाय विधी तेव्हापासून चालू आहेत. अन् गाव काय म्हणेल असं वाटत असेल तर आपल्याच गावच्या बौद्ध मोहल्ल्यात पाहून या, बाबासाहेबांनी धर्मांतरावेळी दिलेल्या १९५६ च्या बावीस प्रतिज्ञांमध्ये श्राद्ध-पिंडदान करणार नाही हे स्पष्ट आहे, कोणाचं काही अडलं नाही. सोयऱ्यांशी वाद घालायची वेळ आली तर मात्र पुस्तकी बोलू नका, गाडगेबाबांचं नाव घ्या. कर्ज काढून सण-जेवणं करू नका हे त्यांनी गावोगाव झाडू मारत सांगितलं, ते देव मानणाऱ्या माणसालाही पटते.

पुरुषांनी एक जास्तीचं लिहायचं. माझ्यामागं बायकोचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र काढायचं की नाही ते ती ठरवेन. स्वतः सही करून लिहा, कारण त्या क्षणी म्हाताऱ्या बायका तिला घेरून असतात अन् तिला बोलता येत नाही. मे २०२२ मध्ये कोल्हापूरकडच्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंदीचा ठराव घेतला, मग सरकारनंही बाकी ग्रामपंचायतींना तसं करायला सांगितलं. तुमच्या गावात झाला का ठराव? नसेल तर पुढच्या ग्रामसभेत मांडा. माझ्या मते देहदानापेक्षा हे काम मोठं आहे.

दवाखान्याचं. आपल्याकडं पेशंट सिरियस झाला की तालुक्याहून नागपूरला रेफर, तिथं व्हेंटिलेटर, अन् इकडं दोन एकर विकायची बोलणी. चमत्काराची वाट पाहणाऱ्याचं ठीक आहे, तुम्ही तर चमत्कार मानतच नाही, मग शेवटी काय नको ते लिहून ठेवायला काय हरकत आहे? याच कागदाला लिव्हिंग विल म्हणतात, सुप्रीम कोर्टानं २०१८ मध्ये त्याला मान्यता दिली अन् जानेवारी २०२३ मध्ये ते सोपं केलं. आता दोन साक्षीदार अन् नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची सही, एवढ्यावर होते. बरं व्हायची आशा नसेल तर व्हेंटिलेटर नको, नाकातून नळी नको असं लिहायचं, अन् आपल्या वतीनं कोण बोलेल त्याचं नाव टाकायचं. डॉक्टरांची दोन मंडळं पाहून मग ठरवतात, घरचा एकटा माणूस ठरवत नाही. इंजेक्शन देऊन मारणं हे त्यात येत नाही, ते आपल्याकडं बेकायदा आहे. वर्धेकडं हा विषय निघाला की कोणीतरी पवनार आश्रमाचं काढतेच, तिथं विनोबा भाव्यांनी नोव्हेंबर १९८२ मध्ये अन्न अन् औषध सोडलं होतं. ते श्रद्धेतून होतं अन् पूर्ण शुद्धीवर होतं, आपला कागद आपण शुद्धीवर नसतानाचा आहे. अन् वय ७० झालं असेल तर दवाखान्याच्या मोफत उपचाराचं सरकारी आयुष्मान कार्ड काढून घ्या, ऑक्टोबर २०२४ पासून उत्पन्न न पाहता मिळते.

जमिनीबद्दल थोडक्यात सांगतो, सातबारा जिवंतपणी पूर्ण पोरांच्या नावावर करू नका. मृत्युपत्र करा, दोन साक्षीदार पुरतात, स्टॅम्प पेपर लागत नाही, ज्याला वाटा मिळणार त्यालाच साक्षीदार घेऊ नका. बक्षीसपत्र करायचंच असेल तर मला सांभाळायचं ही अट त्यातच लिहा, मग २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात ते रद्द करून मागता येते.

एवढी कागदं झाली तरी रात्री तीनला जाग येते अन् छातीत धस्स होतेच. तेव्हा भीती कशाची आहे ते वेगवेगळं करून पाहा. दुखण्याची असेल तर त्यावर औषध आहे, कॅन्सरच्या दुखण्यावर मॉर्फिन देतात, २०१४ मध्ये कायदा बदलून ते मिळणं सोपं केलं, डॉक्टरला थेट विचारा. लाचार होण्याची असेल तर वरचे कागद त्यासाठीच आहेत. अन् नुसतं नसण्याची असेल तर एवढंच, १९२० साली आपण नव्हतो, त्या वर्षी कापसाला काय भाव होता याचं आपल्याला सुखही नाही अन् दुःखही नाही, मेल्यावर तसंच. दिवसा हे पटते. रात्री कधीकधी पटत नाही, तेव्हा उठून पाणी प्या, अंगणात चक्कर मारा, लाईट लावून बसा. महिनोन्महिने झोपच नसेल, जेवण जात नसेल, तर ते तत्त्वज्ञान नाही, आजार आहे, डॉक्टरला दाखवा.

माणसं सोडू नका. भजनी मंडळात बसायला विठ्ठल मानावाच लागते असं कोणी सांगितलं? खंजेरी वाजवता येत असेल तर वाजवा. पंगतीत वाढायला जा, मयतीला खांदा द्यायला तर पहिले जा, तुमचा दिवस येईन तेव्हा चार माणसं लागतीलच. मोतीबिंदू काढा, कानाला मशीन लावा. देवभोळ्या माणसाला बहिरेपणातही नामस्मरण करता येते, आपल्याला मात्र गप्पाच लागतात.

अन् शेवटी बाजेवर पडलात की कोणी अंगारा आणेन, कोणी नवस बोलेन, बायको तुळशीचं पान अन् गंगाजल तोंडात टाकेन. टाकू द्या. त्यानं तुमचं काही बिघडत नाही अन् तिला काहीतरी केल्यासारखं वाटते. विरोध करायचा तर पैशाच्या गोष्टीला करा, भगताला बोकड, बाबाला पाच हजार, असल्याला. ते मात्र कागदावर आधीच लिहा.

कागद बँकेच्या लॉकरमध्ये ठेवू नका, तिसऱ्या दिवशी उघडून काय उपयोग. घरच्या आलमारीत वरच्या खणात एक प्रत, एक पोरीकडं, एक डॉक्टरकडं, लिव्हिंग विलची एक ग्रामपंचायतीत. दर वर्षी पोळ्याच्या आसपास काढून वाचायचा, फोन नंबर बदललेले असतात, साक्षीदारच वर गेलेला असते.