हातावर लवचीक टेप लावताना या चुका टाळा

नाशिकच्या द्राक्षपट्ट्यात ऑक्टोबरची गोडी छाटणी सुरू झाली की दिवसभर कात्री चालवून मनगट किंवा कोपर धरल्याची तक्रार घेऊन मजूर आणि बागायतदार उपचारासाठी येऊ लागतात. गणेशोत्सवाच्या आधीच्या आठवड्यांत ढोल पथकांतील तरुण वादक त्याच दुखण्याने येतात. यांतील अनेकांच्या हातावर निळी किंवा गुलाबी पट्टी आधीच चिकटवलेली असते. जपानमधील केन्झो कासे यांनी १९७० च्या दशकात विकसित केलेली ही लवचीक टेप (किनेसिओ टेप) २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकनंतर घराघरांत ओळखीची झाली. भौतिकोपचार (फिजिओथेरपी) करताना मला दिसणाऱ्या बहुतेक चुका एकाच गैरसमजातून निघतात, आणि तो म्हणजे ही पट्टी हाताला ताकद देते, हा.

निरोगी व्यक्तींवर झालेल्या अभ्यासांचे एकत्रित आढावे पाहिले, तर टेपमुळे स्नायूंची ताकद वाढते असे म्हणण्याजोगा परिणाम आढळत नाही. टेप काम करत असेल तर ते मुख्यतः त्वचेच्या मार्गाने होते. हाताचे नियंत्रण मेंदूकडून येणाऱ्या आज्ञांइतकेच हाताकडून मेंदूकडे जाणाऱ्या माहितीवर अवलंबून असते. स्नायूंतील आणि त्यांना हाडांशी जोडणाऱ्या कंडरांतील संवेदक सांध्याची स्थिती आणि लागणारा जोर कळवतात, तर त्वचेतील संवेदक तिच्यावर पडणारा ताण आणि दाब कळवतात. मनगट वाकवताना टेपखालची त्वचा किंचित ओढली जाते आणि हालचालीची जाणीव थोडी ठळक होते. काही अभ्यासांत स्थितीची किंवा पकडीच्या जोराची जाण सुधारल्याचे दिसले आहे, काहींत नाही. वेदना कमी होण्याचा अनुभवही बहुधा थोडा आणि अल्पकालीन असतो. टेप हे मदतीचे साधन म्हणून वापरणाऱ्याला यातूनही उपयोग करून घेता येतो.

जितके घट्ट तितके चांगले, असे मानणे

“ताई, अजून जरा ओढून लावा ना,” ही विनंती मला जवळजवळ रोज ऐकू येते. टेप मूळ लांबीपेक्षा साधारण ४० ते ६० टक्के ताणली जाते, आणि पाठीमागच्या कागदावर ती आधीच थोडी ताणून चिकटवलेली असते. स्नायूवर लावताना साधारण १५ ते ३५ टक्के ताण पुरेसा मानतात. पट्टीची दोन्ही टोके मात्र अजिबात न ताणता चिकटवावीत, कारण टोकांशी ओढ राहिली की तिथेच त्वचा लाल होते, फोड येतात आणि कडा सुटतात. मनगटाभोवती किंवा बोटाभोवती पूर्ण वेढा देणे ही याहून गंभीर चूक आहे. हाताला सूज आली की तोच वेढा आवळपट्टा होतो. लावल्यानंतर नख दाबून सोडावे. त्याचा गुलाबी रंग सुमारे दोन सेकंदांत परतला नाही, बोटे गार पडली किंवा मुंग्या आल्या, तर टेप लगेच काढावी.

पट्टी कोणत्या दिशेने लावली म्हणजे स्नायू उत्तेजित होतो आणि कोणत्या दिशेने शिथिल होतो, याबद्दल पुष्कळ ठामपणे सांगितले जाते. त्या दाव्याला भक्कम आधार नाही. रंगांचे तर काहीच वेगळे गुणधर्म नसतात. यावर वाद घालण्यात वेळ घालवण्यापेक्षा लावताना हाताची स्थिती नीट ठेवावी. मनगटाच्या मागच्या बाजूला टेप लावायची असेल तर मनगट तळहाताच्या दिशेने वाकवून त्वचा ताणलेली ठेवावी, म्हणजे मनगट सरळ केल्यावर टेपवर बारीक सुरकुत्या दिसतात.

बोटांची टोके झाकणे

एका हाताच्या तळव्याच्या बाजूच्या त्वचेत सुमारे १७ हजार स्पर्शसंवेदक असल्याचा अंदाज आहे, आणि ते बोटांच्या टोकांशी सर्वाधिक दाट असतात. हातातली वस्तू निसटू लागली की हे संवेदक ते टिपतात आणि साधारण एक दशांश सेकंदात पकड आपोआप घट्ट होते. येवल्यात पैठणी विणताना रेशमाच्या कांड्या फिरवणारी बोटे याच जाणिवेवर चालतात. अशा बोटांच्या टोकांवर टेप गुंडाळणे म्हणजे नियंत्रण सुधारण्याच्या नावाखाली त्याचा मुख्य स्रोतच झाकणे होय. पट्टी हाताच्या मागच्या बाजूस आणि अग्रबाहूवर (कोपर ते मनगट या भागावर) ठेवावी. तळहातावर ती घामामुळे आणि घड्यांमुळे तशीही टिकत नाही.

टेप सुटण्याची तक्रार पावसाळ्यात वाढते. तेल किंवा क्रीम लावलेली त्वचा, दाट केस, पट्टीचे चौकोनी कोपरे आणि चिकट बाजूला लागलेली बोटे ही त्याची नेहमीची कारणे आहेत. हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडा करावा, कोपरे गोल कापावेत, चिकटवल्यावर पट्टी हाताने चोळून ऊब द्यावी, आणि घाम येणाऱ्या कामाच्या किमान अर्धा ते एक तास आधी ती लावावी.

परिणाम न तपासणे

ही चूक मला सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण तिच्यामुळे लोक निरुपयोगी टेपवर महिनोन्‌महिने खर्च करत राहतात. टेप लावण्यापूर्वी तुमच्या अडचणीशी जुळणारे एखादे छोटे काम निवडावे: दहा नाणी एकेक उचलून वाटीत टाकणे, शर्टाची पाच बटणे लावणे किंवा एक ठरावीक ओळ लिहिणे. त्याला लागणारा वेळ तीनदा मोजावा आणि झालेल्या चुका टिपून ठेवाव्यात. मग टेप लावून तेच काम करावे. इथे एक फसगत संभवते: दुसऱ्या खेपेला सरावामुळेही वेग वाढतो आणि त्याचे श्रेय टेपला दिले जाते. म्हणून दुसऱ्या दिवशी, त्याच वेळी, क्रम उलटा ठेवावा, म्हणजे आधी टेपसह आणि नंतर टेपशिवाय. दोन्ही दिवशी टेपसह काम स्पष्टपणे सुधारले तरच ती पुढे वापरावी.

सुधारणा दिसली तरी टेप लावून हात स्वस्थ ठेवल्यास काही साधत नाही. काही वेळाने ती अंगावर असल्याचेही जाणवेनासे होते. म्हणून ज्या कामात नियंत्रण हवे आहे त्याच कामाचा संथ, मोजका सराव ती लावलेली असताना करावा आणि हळूहळू टेपशिवाय तेच जमवावे.

दुखण्याचे कारण न शोधता टेप लावणे

अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटात रात्री मुंग्या येत असतील, वस्तू हातातून पडत असतील किंवा अंगठ्याच्या मुळाशी असलेला मांसल भाग बारीक होत असेल, तर मनगटात मज्जातंतू दाबला जात असण्याची शक्यता असते. त्याची तपासणी वेळेत व्हायला हवी. एका हाताचे नियंत्रण अचानक गेले आणि सोबत चेहरा वाकडा झाला किंवा बोबडी वळली, तर तो पक्षाघाताचा झटका समजून तत्काळ रुग्णालय गाठावे. अशा वेळी टेपच काय, कोणत्याही घरगुती उपायात एक मिनिटही घालवू नये. उघडी जखम, त्वचेचा संसर्ग किंवा रक्तवाहिनीत गुठळी असताना टेप लावू नये, आणि मधुमेहामुळे हाताची संवेदना कमी झालेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती वापरू नये.

काढताना ती झटक्यात ओढू नये. वृद्धांची पातळ त्वचा अशाने सोलली जाते. तीन ते पाच दिवसांनी, किंवा खाज सुटताच त्याआधीही, टेपला खोबरेल तेल लावून दहा मिनिटे थांबावे आणि एका हाताने त्वचा दाबून धरत केसांच्या दिशेने पट्टी हळूहळू गुंडाळत काढावी. नवी पट्टी लावण्यापूर्वी त्वचेला एक दिवस मोकळे ठेवावे.