मोठ्या भावाचा घोडा लावायचा असेल तर...

रेसकार्ड (शर्यतीतल्या घोड्यांची यादी) हातात पडलं की नवख्याची नजर आधी भावांवर जाते, म्हणजे घोडा जिंकला तर एका रुपयाला किती रुपये नफा मिळेल त्या आकड्यांवर. पंचवीस, चाळीस, पन्नास. मग त्यातलाच एखादा घोडा नाव आवडलं म्हणून लावला जातो. मोठ्या भावाचे बहुतेक घोडे त्या भावाच्याही लायकीचे नसतात. लोक आउटसायडरवर, म्हणजे जिंकण्याची आशा कमी असलेल्या घोड्यावर, गरजेपेक्षा जास्त पैसे लावतात, हे ग्रिफिथ या संशोधकाने अमेरिकन शर्यतींच्या आकड्यांवरून १९४९ मध्येच दाखवलं होतं. म्हणून भावाचा रकाना झाका आणि शेवटी उघडा.

आधी फेवरिटला तपासा

फेवरिट, म्हणजे सगळ्यात कमी भावाचा घोडा, साधारण तीनातली एक शर्यत जिंकतो. तो भक्कम असेल तर ती शर्यत सोडून द्या. पाच-सहा घोड्यांची असेल तरीही सोडा. त्याला हे अंतर नवीन आहे का? ट्रॅक वेगळा आहे का? की जॉकीच्या नावावरच भाव खाली आलाय? यातलं काही खटकलं तरच पुढे जायचं.

वेग कोण लावणार ते पाहा

माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावा. सुरुवातीपासून पुढे पळणारा घोडा एकच असेल तर तो निवांत पळतो आणि शेवटपर्यंत टिकतो. असे तीन-चार असले की एकमेकांना दमवतात आणि मागून येणाऱ्याचं फावतं.

अमेरिकेतली २०२२ ची केंटकी डर्बी ही शर्यत घ्या. पहिला पाव मैल २१.७८ सेकंदांत गेला. सव्वा मैलाच्या शर्यतीत हा वेग कुणालाच झेपणारा नव्हता. रिच स्ट्राइक हा घोडा तेव्हा जवळजवळ शेवटी होता. आदल्या दिवशी एक घोडा स्क्रॅच झाला (शर्यतीतून काढला गेला) म्हणून त्याला जागा मिळाली होती, भाव एकास ८०, आणि तोच जिंकला. त्याआधीच्या शेवटच्या तीन शर्यती कृत्रिम ट्रॅकवर, तिन्ही हरलेल्या. पण थोडं मागे गेलं तर डर्बी होते त्याच चर्चिल डाउन्स ट्रॅकच्या मातीवर, सप्टेंबर २०२१ मध्ये, तो १७ लेंग्थहून (एक लेंग्थ म्हणजे एका घोड्याची लांबी) जास्त अंतराने जिंकलेला दिसतो. नंतर शहाणपण सुचणं सोपं असतं, हे मान्य. पण तोच जिंकेल असं कुणी म्हणायची गरजही नव्हती. ८१ वेळांत एकदा तरी जिंकेल का, एवढाच प्रश्न होता.

हरलेली धाव पुन्हा पाहा

निकालात ‘नववा’ लिहिलेलं असतं, कारण लिहिलेलं नसतं. व्हिडिओ लावा आणि फक्त आपल्या घोड्याकडे बघा. गेटमधून उशिरा निघाला का? वळणावर तीन घोड्यांच्या बाहेरून पळाला का? शेवटच्या फर्लांगात (सुमारे दोनशे मीटर) जॉकी लगाम खेचून वाट शोधत होता का? अडकलेला घोडा आणि थकलेला घोडा निकालात सारखेच दिसतात, पडद्यावर नाही. मात्र सलग चार धावांत चार वेगळ्या सबबी सापडल्या, तर घोडाच मंद आहे असं समजा.

आता भाव

रकाना उघडण्याआधी आपला अंदाज कागदावर लिहा. एकास २० च्या भावात नुकसान टाळायला २१ मधली एक, म्हणजे ४.८ टक्के शक्यता लागते. तुमचा अंदाज सात-आठ टक्के असेल तर लावा. पाच असेल तर ती तुमच्या अंदाजातलीच चूक असू शकते. टोटवर, म्हणजे सगळ्यांनी लावलेल्या पैशांवरून भाव ठरतो तिथे, भाव शर्यत सुटेपर्यंत हलतो. वीसचा बारा झाला तर हिशेब पुन्हा करा, घोडा कितीही आवडला असला तरी.

पैसे

पाच टक्के शक्यतेचे वीस घोडे लावले तर वीसही हरण्याची शक्यता जवळपास ३६ टक्के असते, म्हणजे सगळं बरोबर करूनही. त्यामुळे बाजूला काढलेल्या रकमेतला एखादा टक्काच एका घोड्यावर, आणि रक्कम अशी की गेली तरी घरखर्चाला धक्का लागणार नाही. हरल्यावर दुप्पट लावू नका. प्लेस (घोडा पहिल्या काही नंबरांत आला तरी पैसे मिळतात ती पैज) लावायचं असेल तर प्लेसचा भाव वेगळा तपासा. विनचा भाव मोठा म्हणून प्लेसचा चांगला असतोच असं नाही.

शर्यत संपली की व्हिडिओ पुन्हा एकदा लावा, या वेळी इतर घोड्यांसाठी. सहावा आलेला एखादा शेवटच्या दोनशे मीटरमध्ये पाच जणांना मागे टाकताना दिसला, तर त्याचं नाव वहीत लिहून ठेवा.